काळे, अनसूयाबाई

काळे, अनसूयाबाई (१८९६–१९५८) : मध्यप्रांत व वऱ्हाडातील स्त्री-चळवळीच्या अग्रणी, काँग्रेस कार्यकर्त्या आणि पहिल्या लोकसभेतील नागपूरच्या खासदार. जन्म बेळगावचा, माहेरचे आडनाव भाटे. विवाहानंतर नागपूर हीच त्यांची कर्मभूमी झाली.

स्त्रियांना मताधिकार हवा, ही मागणी घेऊन सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ डिसेंबर १९१७ मध्ये मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटले. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने ती मागणी मानली नाही, आणि १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला. त्यामुळे प्रत्येक प्रांतात पुरुष सदस्यांचेच बहुमत नव्याने मिळवावे लागले. मद्रास व मुंबई येथे १९२१ मध्येच ठराव झाले; मध्यप्रांतात त्यासाठी १९२७ उजाडले. मतदानाचा हक्क मिळाला म्हणजे सभागृहात बसण्याचा मिळाला, असेही नव्हते. तो हक्क वेगळा होता आणि त्याची वाट १९२६ च्या नियमबदलाने खुली झाली. मद्रासमध्ये मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ मध्ये कौन्सिलात गेल्या. पुढच्याच वर्षी अनसूयाबाई मध्यप्रांताच्या कौन्सिलच्या सदस्य झाल्या. इतक्या प्रयासाने खुले झालेले हे पद त्यांनी १९३० मध्ये सविनय कायदेभंगासाठी सोडले. त्यांच्या सार्वजनिक जीवनातला हा सर्वांत ठळक निर्णय म्हणावा लागेल.

पुण्यात १९२७ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय महिला परिषदेने पुढे सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. पतीच्या मिळकतीवर पत्नीला मत देणे आणि स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवणे, या दोन्हींना तिचा विरोध होता. १९३५ च्या कायद्यात मात्र नेमक्या याच दोन तरतुदी आल्या. मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या ११२ जागांपैकी ३ स्त्रियांसाठी होत्या. १९३७ मध्ये अनसूयाबाई या सभेवर निवडून आल्या व उपाध्यक्ष झाल्या. अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त होते.

१९४२ च्या चिमूर व आष्टी येथील उठावांनंतर फाशीची शिक्षा झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून त्यांनी खटपट केली. विदर्भात त्यांचे नाव आजही घेतले जाते ते मुख्यतः या कामासाठी. मताधिकाराच्या लढ्यातील त्यांचा वाटा मागे पडला आहे. १९४८ मध्ये त्या महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या.

प्रौढ मताधिकारावर झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्या नागपूरमधून लोकसभेवर गेल्या. १९५७ मध्ये पुन्हा निवडून आल्या, पण ती मुदत पुरी होण्याआधीच, १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.