मासा, मज्जातंतू आणि वीज : चेहऱ्याच्या वेदनेचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/ इ. स. ४७ च्या सुमारास रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने औषधयोगांचा एक ग्रंथ सिद्ध केला. जुनाट, असह्य डोकेदुखीवर त्यात एक विलक्षण उपाय सांगितला आहे : जिवंत काळा टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि तो भाग बधिर होऊन वेदना थांबेपर्यंत तसाच राहू द्यावा. हा मासा स्वतःच्या शरीरात वीज निर्माण करतो. लार्गसला वीज म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. गुण येतो एवढे ठाऊक होते.

२/ माशाचा तो झटका विजेचाच असतो, हे जॉन वॉल्श या इंग्रज संशोधकाने १७७२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर प्रयोग करून दाखवले. म्हणजे उपाय आणि त्याचे स्वरूप यांत सतराशे वर्षांचे अंतर पडले. तो उपाय का लागू पडतो, हे समजायला आणखी दोन शतके लागायची होती. या अज्ञानाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती चेहऱ्याच्या वेदनेने पछाडलेल्या रुग्णांनी.

३/ १७५६ मध्ये निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यविशारदाने या व्याधीला ‘तिक दुलूरू’ म्हणजे ‘वेदनेचा आचका’ असे नाव दिले. १७७३ मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिलने तिचे नेमके वर्णन केले. गालात, जबड्यात विजेसारखी कळ उठते, काही क्षणांत ओसरते आणि पुन्हा उठते. बोलणे, घास चावणे, गालाला हलका स्पर्श होणे एवढेही निमित्त तिला पुरते. आज हिला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात.

४/ या रोगाचे क्रौर्य असे, की बाहेरून काहीच दिसत नाही. जखम नाही, सूज नाही. दाताचे दुखणे समजून धडधाकट दात उपटले जात. कळ मात्र जागची हलत नसे. दिसत नसलेल्या वेदनेवर इतरांचा विश्वास बसवणे, हे रुग्णाचे दुसरे दुखणे.

५/ शल्यविशारदांनी मग मज्जातंतूच कापण्याचा मार्ग धरला. पण कोणता? चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू वेगळा आणि संवेदना मेंदूकडे नेणारा, तीन शाखांचा ट्रायजेमिनल मज्जातंतू वेगळा, हा भेद तेव्हा स्पष्ट नव्हता. काही रुग्णांत पहिलाच कापला गेला. चेहरा कायमचा लुळा पडला आणि कळ होती तशीच राहिली. १८२० च्या दशकात चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांच्या संशोधनातून हा भेद उलगडला.

६/ दरम्यान १८०० मध्ये व्होल्टाची विद्युतघटमाला आली आणि वीज माशाच्या पोटातून प्रयोगशाळेच्या टेबलावर पोहोचली. फ्रान्समध्ये द्युशेन या वैद्याने ओलसर विद्युतअग्रे त्वचेवर टेकवून चेहऱ्याचा एकेक स्नायू स्वतंत्रपणे हलवून दाखवला. १८५५ मध्ये त्याचा या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कातडीला चिरा न देता आतल्या मज्जातंतूपर्यंत आणि स्नायूपर्यंत पोहोचता येते, हे आता सिद्ध झाले होते.

७/ कारण मात्र अजूनही कोणी सांगू शकत नव्हते, आणि जिथे कारण नसते तिथे दावे फोफावतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत विजेचे पट्टे आणि साखळ्या सर्व रोगांवरचा रामबाण उपाय म्हणून विकल्या गेल्या. विसाव्या शतकात वैद्यकशिक्षण शिस्तबद्ध होऊ लागले, तशी भोंदूंच्या संगतीने बदनाम झालेली वीजचिकित्साही मागे पडली. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

८/ १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ‘द्वारनियंत्रण सिद्धान्त’ मांडला. मज्जारज्जूत जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश नेणारे जाड तंतू कार्यरत झाले, की वेदनेचे संदेश नेणाऱ्या बारीक तंतूंसाठी ते दार ओढले जाते. ठेच लागताच हात आपोआप तिथे जाऊन का चोळू लागतो, याचेही उत्तर त्यात होते. सिद्धान्ताचे तपशील पुढे बदलले. मूळ कल्पना टिकली.

९/ सिद्धान्ताची पहिली कसोटी चेहऱ्यावरच लागली. वॉल आणि शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी स्वतःच्याच गालात, डोळ्याखालून उतरणाऱ्या ट्रायजेमिनल शाखेपाशी विद्युतअग्रे घालून घेतली. प्रवाह सुरू असताना तेथे मुंग्या आल्या आणि टोचणी बोथट झाली. १९६७ मध्ये त्यांनी आठ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सेकंदाला १०० स्पंदने देताच दुखऱ्या जागी दाब देऊनही कळ उठेना. त्यांपैकी चौघांना दोन मिनिटांच्या प्रवाहानंतर अर्ध्या तासाहून अधिक आराम मिळाला.

१०/ त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर विद्युतअग्र बसवण्याची शस्त्रक्रिया केली. पुढे अशा शस्त्रक्रियेसाठी रुग्ण निवडताना आधी त्वचेवरून प्रवाह देऊन पाहिला जाई. काहींना तेवढ्यानेच आराम पडला. चाचणीचे साधन स्वतःच उपचार ठरले! १९७० च्या दशकात त्याची खिशात मावणारी यंत्रे निघाली. आज फिजिओथेरपी केंद्रांत दिसणारे ‘टेन्स’ यंत्र ते हेच.

११/ तरीही चेहऱ्याची ही व्याधी सिद्धान्ताला पुरती वश झाली नाही. स्पर्शाने वेदनेचे दार मिटते, असे सिद्धान्त म्हणतो. येथे तर स्पर्शच कळ उठवतो. म्हणून या रोगात पहिला मान आजही औषधाचा आहे. कार्बामाझेपिनचा उपयोग स्वीडनच्या ब्लॉम यांनी १९६२ मध्येच दाखवला होता. टेन्सचे लहान अभ्यास आशादायक आहेत, पण भक्कम पुरावा अजून तोकडा आहे. ते पूरक साधन आहे आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचे. पेसमेकर असलेल्यांना तर त्यापासून धोका संभवतो.

१२/ लार्गसच्या माशाकडे गुण होता, कारण नव्हते. शल्यविशारदांच्या सुरीकडे धार होती, नकाशा नव्हता. पट्टे विकणाऱ्यांकडे तर केवळ शब्द होते. वॉल आणि स्वीट यांच्याकडे एक कारण होते, आणि ते तपासून पाहण्यासाठी त्यांनी आधी स्वतःचा गाल पुढे केला. दिसत नसलेल्या वेदनेवर विश्वास ठेवण्याची याहून प्रामाणिक रीत वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास