अंतराचा हिशेब : सुवर्णकण, रंजकद्रव्ये आणि प्रकाश



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते प्रयोगवहीत खाडाखोड करू देत नसत. विसंगत वाचनाखाली रेघ ओढावी, पण ते पुसू नये, असा त्यांचा दंडक होता. पुढे संशोधन करताना मी तो मोडला. आजचा विषय त्यासाठीच निवडला आहे.

१८५७ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या माणिकवर्णी द्रवाविषयी व्याख्यान दिले. हा रंग सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या सुवर्णकणांचा आहे, हे त्यांनी ओळखले. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी यांनी त्याचे गणित मांडले. प्रकाशाने कणातील इलेक्ट्रॉन एकत्रितपणे हेलकावतात आणि कणालगतचे प्रकाशक्षेत्र तीव्र होते, असे आज आपण सांगतो.

दुसरा धागा सेंद्रिय रंजकद्रव्यांचा. उत्तेजित रेणू प्रकाश न सोडताही शेजारच्या रेणूला ऊर्जा देऊ शकतो. अंतर दुप्पट झाल्यास या संक्रमणाचा वेग चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो, हे थिओडोर फ्योर्स्टर यांनी १९४०च्या दशकात दाखविले.

शेजारी धातू असेल तर? १९६०च्या दशकात जर्मनीतील मारबुर्ग येथे हान्स कून यांच्या प्रयोगशाळेत कार्ल हाइन्त्स ड्रेक्सहागे यांनी आरसा व चमकणारा थर यांमध्ये मेदाम्लाचे एकेका रेणूच्या जाडीचे पदर रचून अंतर बदलले. त्याबरोबर उत्तेजित अवस्थेचे आयुष्य कमीजास्त झाले. धातूच्या अगदी निकट ते झपाट्याने घटले, कारण ऊर्जा धातूतच जिरत होती.

यातून ‘धातू चमक विझवितो’ एवढेच मी पाठ केले. माझ्या एका नमुन्यात सुवर्णकणांजवळचे रंजकद्रव्य अधिक उजळले, तेव्हा अशुद्धी समजून मी ते वाचन टाकून दिले.

२००६ साली अमेरिकेतील रॉचेस्टर येथील संशोधकांनी एकच सुवर्णकण एकाच रेणूजवळ नेला. प्रथम चमक वाढली. अंतर काही नॅनोमीटरांवर येताच ती मावळू लागली. उजळणारा आणि विझविणारा कण एकच होता. निवाडा अंतराचा होता.

माझे वाचन खरे होते की नाही, हे आता ठरविता येणार नाही. नोंदच उरलेली नाही. गुरुजींच्या दंडकाचे मोल मला असे उशिरा कळले. त्यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन.