नाकतोडा आणि गांधीलमाशी

‘बग्गी’ हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे घोडे जुंपलेली, संस्थानी थाटाची गाडी उभी राहते. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शब्दाला आणखी एक अर्थ चिकटला. कॅलिफोर्नियाच्या वाळूत जुन्या फोक्सवॅगन मोटारींच्या भागांवर उभारलेल्या ज्या हलक्या, उघड्या गाड्या पिटाळल्या जात, त्यांनाही बग्गी म्हणू लागले. पुढे त्यांच्या एक-दशांश आकाराच्या, बिनतारी संदेशावर धावणाऱ्या प्रतिकृती निघाल्या आणि खाचखळग्यांच्या मातीत त्यांच्या शर्यती होऊ लागल्या. हा इतिहास वेगाचा आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो तितकाच काटकसरीचाही इतिहास आहे.

बिनतारी नियंत्रणाची कल्पना पुष्कळ जुनी. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या कुंडात एक लहानशी नाव दुरून चालवून दाखविली आणि त्याच वर्षी त्या युक्तीचे पेटंट मिळविले. तथापि हे तंत्र घरगुती खेळात उतरावयास बराच अवकाश लागला. ट्रान्झिस्टर आला, ग्राहकयंत्र काडेपेटीएवढे झाले, आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी निकेल-कॅडमियम बॅटरी सुलभ झाली, तेव्हा कोठे विजेवर धावणारी छोटी मोटार व्यवहार्य ठरली.

या कामी जपानातील शिझुओका शहर अग्रेसर ठरले. तेथे योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाचा व्यवसाय सुरू केला होता. त्यातून लाकडी प्रतिकृती आणि १९६० पासून प्लास्टिकच्या प्रतिकृती निघू लागल्या. त्यांचे चिरंजीव शुन्साकु तामिया यांनी पोर्श मोटारीची प्रतिकृती हुबेहूब व्हावी म्हणून एक खरी पोर्श विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. या चिकाटीतून १९७६ साली कंपनीची पहिली बिनतारी मोटार बाजारात आली. १९७९ साली ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या बग्ग्या आल्या. यांची चाके पेलणारी रचना खऱ्या गाडीप्रमाणे ओतीव धातूची होती आणि बिनतारी यंत्र पाण्यापासून जपण्यासाठी पारदर्शक पेटीत बंद केलेले होते. गाड्या देखण्या, पण वजनाने भारी आणि किमतीनेही भारी. मध्यम स्थितीतील घरच्या मुलाने त्या दुकानाच्या काचेतूनच पाहाव्यात, अशी स्थिती होती.

हा खेळ थोड्या हौशी धनिकांचा राहावयाचा की सर्वांचा व्हावयाचा, हा प्रश्न १९८४ साली सुटू लागला. त्या वर्षी तामियाने ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा, या नावाची बग्गी काढली. तिच्या कर्त्यांनी काय घातले यापेक्षा काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे. धातूचा सांगाडा गाळून तबकासारखा अखंड प्लास्टिकचा तळ दिला. मागील दोन चाकांना स्वतंत्र हालचाल न देता मोटर, दातेरी चक्रे आणि आस यांचा एकच ठोकळा करून तो स्प्रिंगांवर बसविला. तेलाच्या दट्ट्यांऐवजी नुसत्या स्प्रिंगा आणि मोठ्या मोटरऐवजी लहान मोटर दिली. परिणामी गाडी खड्ड्यावरून जाताना खरोखरच नाकतोड्यासारखी उडे. पण ती सहसा मोडत नसे. आणि मोडलीच तर एक भाग आणून घरच्या घरी बसविता येई. वळणावर दोन्ही चाकांचा वेग जुळविणारा डिफरन्शियल मात्र गाळला नाही. तो नसता तर गाडी धड वळलीच नसती. कोणता भाग सोडावा आणि कोणता सोडू नये, हा विवेक येथे दिसतो.

त्याच वर्षी ‘हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी, ही तिची बहीण आली. तळ तोच, परंतु मोटर मोठी आणि मागे तेल भरलेले दट्टे. ज्याच्या पदरी नाकतोडा होता, त्याला तीच गाडी हळूहळू गांधीलमाशीच्या बरोबरीस आणणे शक्य झाले. एकदम सारा खर्च न करता पायरीपायरीने चढण्याची ही सोय म्हणजेच या गाड्यांच्या लोकप्रियतेचे खरे मर्म होय.

अमेरिकेने याच १९८४ साली निराळी वाट धरली. कॅलिफोर्नियातील असोसिएटेड कंपनीने ‘आरसी १०’ ही बग्गी केवळ शर्यतीच्या हेतूने घडविली. सोनेरी मुलाम्याचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, चारही चाकांना स्वतंत्र हालचाल आणि लांब पल्ल्याचे तेलाचे दट्टे, असा तिचा थाट होता. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे या आकाराच्या विद्युत बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चालक चाकांच्या गटात हिचीच सरशी झाली. अशा गाडीपुढे नाकतोड्याचा निभाव लागणे अशक्य होते. मग स्वस्त गाडीवाल्याने शर्यतीत उतरूच नये काय? यावर उपाय निघाला तो नियमांचा. एका गटात सर्वांनी ठरलेल्या जातीचीच मोटर वापरावी, किंवा सर्वांनी एकाच नमुन्याची गाडी आणावी, असे निर्बंध आले. आणि खिशापेक्षा हाताचे कसब वरचढ ठरू लागले.

खर्चाचा आणखी एक भाग मात्र खोक्यावरील किमतीत दिसत नसे. बिनतारी यंत्र, बॅटरी आणि ती भरण्याचे साधन ही सारी निराळी घ्यावी लागत. शिवाय त्या काळी प्रत्येक गाडीला स्वतःच्या लहरीचा स्फटिक असे. दोन गाड्यांची लहर एक झाली की एकाच्या हुकुमावर दुसऱ्याची गाडी भरकटे. म्हणून शर्यतीपूर्वी लहरींची वाटणी करावी लागे. आता २.४ गिगाहर्ट्‌झच्या यंत्रांनी ती कटकट मिटविली आहे. लिथियम बॅटरी आणि ब्रशरहित मोटर यांच्या योगे आज साधी गाडीही जुन्या विजेत्यांना मागे टाकते, आणि सर्व सरंजामासह तयार गाड्याही मिळतात.

तरीही निवडीची कसोटी बदललेली नाही. केवळ वेगाच्या आकड्याला भुलून घेतलेली गाडी, तिचा एखादा दांडा मोडल्यावर नवा मिळत नसेल, तर पहिल्याच आठवड्यात फळीवर जाऊन बसते. सुटे भाग कोठे मिळतात, जवळच्या मैदानावर कोणत्या गटाच्या शर्यती होतात आणि बॅटरी व चार्जर धरून एकंदर खर्च किती येतो, एवढे तीन प्रश्न विचारून घेतलेली मंद गाडीच अंती स्वस्त पडते. ग्रासहॉपर २००५ साली पुन्हा बाजारात आणली गेली, ती काही वेगासाठी नव्हे. पहिली गाडी स्वतः जोडावी, आपटावी आणि पुन्हा दुरुस्त करावी, एवढ्यासाठी तिच्याहून फारसे अधिक काही लागत नाही, हे दोन पिढ्यांनी अनुभवले होते.