छायाचित्र कोणाचे? नाशिक, दादासाहेब फाळके आणि १९१०चा कायदा

१/
२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर तेथे अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ही घटना सर्वपरिचित आहे. त्यानंतर सुमारे सात आठवड्यांनी संमत झालेल्या एका कायद्यातील छायाचित्रांविषयीचा उल्लेख मात्र फारसा वाचला जात नाही.

२/
तो कायदा म्हणजे ९ फेब्रुवारी १९१० चा इंडियन प्रेस ॲक्ट. त्याचे कारण एकटे नाशिक नव्हते. बंगालमधील हत्या आणि देशभरातील जहाल पत्रेही सरकारच्या नजरेसमोर होती. या कायद्याने ‘दस्तऐवज’ या शब्दाच्या व्याख्येत रंगचित्र, रेखाटन आणि छायाचित्र यांचाही समावेश केला. सरकारविषयी द्वेष वा अप्रीती पसरवणारा लेख जसा जप्त होई, तसेच आता छायाचित्रही जप्त होऊ शकत होते.

३/
विधेयक मांडणारे अधिकारी होते सर हर्बर्ट रिस्ली. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती. १९०८ मध्ये त्यांचा ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे डाल्टन यांच्या १८७२ च्या ग्रंथातून घेतलेली होती आणि त्या चित्रांचा आधार होता छायाचित्रे. कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसे अशी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात गेली, ती व्यक्ती म्हणून नव्हे, जमातीचे ‘नमुने’ म्हणून.

४/
पश्चिम भारतातही या प्रथेची मुळे जुनी आहेत. १८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे भारतीय सभासदही तिच्यात होते. याच वर्तुळातील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

५/
या खंडांतील अनेक छायाचित्रे जोडकामाची आहेत. माणसे एका काचेवर टिपलेली, मागचे दृश्य दुसऱ्या काचेवरचे, आणि छापताना दोन्हींचे एकच चित्र केलेले. जी माणसे त्या ठिकाणी उभीच नव्हती, ती तेथे उभी दिसतात.

६/
केवळ जोडकाम केले म्हणून ते खोटे ठरत नाही. ऑस्कर रेलँडर यांनी इंग्लंडमध्ये १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य रूपकचित्र साकारले होते. छायाचित्रण ही कला आहे, हे सिद्ध करण्याचा तो प्रयत्न होता. फरक दाव्याचा आहे. रेलँडर यांचे चित्र कल्पना म्हणून समोर आले. जॉन्सन यांचे चित्र मात्र एका समाजाविषयीची माहिती म्हणून.

७/
याच काळात, १८७० मध्ये, त्र्यंबकेश्वर येथे धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला. बडोद्यात तो नीट चालला नाही. कॅमेरा शरीरातील शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो, अशी वदंता शहरात पसरल्याचे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते.

८/
ही वदंता आज हास्यास्पद वाटते. शरीराच्या बाबतीत ती चूकच होती. परंतु जॉन्सन आणि रिस्ली यांचे ग्रंथ शेजारी ठेवले, तर कॅमेरा माणसाकडून काहीतरी नेतो ही शंका अगदीच निराधार राहत नाही. नाव, स्थळ आणि आपल्याविषयी काय सांगितले जावे हे ठरवण्याचा अधिकार, एवढे तरी त्या माणसांकडून गेले होते.

९/
फाळक्यांनी उलट दिशेने उचल केली. पुरातत्त्व खात्यात आणि मग राजा रविवर्मा यांच्या लोणावळ्याच्या छापखान्यात त्यांनी काम केले. १९१०-११ च्या सुमारास ‘द लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा चित्रपट पाहताना ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. यंत्र परदेशी, कथनाची रीत परदेशी, प्रतिमा मात्र आपल्या. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यातून जन्मला. अर्थात ‘आपल्या’ या शब्दालाही मर्यादा होत्या: तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती.

१०/
पुराणकथा सरकारच्या दृष्टीने निरुपद्रवी होती, असेही नाही. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. जानेवारी १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी आली. महाभारतातील रूपक ओळखण्याची विद्या सरकारनेही आत्मसात केली होती.

११/
१९१८ हे वर्ष नाशिकच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फाळक्यांच्या सहभागाने नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली आणि त्याच वर्षी सिनेमॅटोग्राफ ॲक्ट संमत झाला. १९२० पासून मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे परीक्षण मंडळे काम करू लागली. चित्रपट पडद्यावर येण्याआधी आता परवाना अनिवार्य होता.

१२/
या व्यवस्थेचा अर्थ १९२१ मध्ये स्पष्ट झाला. कोहिनूर कंपनीच्या ‘भक्त विदुर’ या चित्रपटातील विदुर खादी आणि गांधीटोपी घालून पडद्यावर आला. कथा महाभारताची, रूप मात्र महात्मा गांधींचे. मद्रास आणि कराची येथे चित्रपटावर बंदी घालण्यात आली.

१३/
१९१० चा प्रेस ॲक्ट १९२२ मध्ये रद्द झाला. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण मात्र टिकून राहिले. १९५२ च्या कायद्यानुसार ते आजही चालते.

१४/
या साऱ्या घटनांत एकच विषमता दिसते. प्रजेचे छायाचित्र काढून, त्याची पार्श्वभूमी बदलून, त्याखाली हवे ते नाव छापण्यासाठी राज्यसत्तेच्या वर्तुळाला कोणाची अनुमती लागली नाही. प्रजेने स्वतःच्या प्रतिमा घडवायला घेतल्या, तेव्हा मात्र अनुमती हा कायदा झाला. हरकत छायाचित्राला कधीच नव्हती. ते कोण घडवतो, याला होती.

१५/
‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून एकोणिसाव्या शतकातील अनामिक स्त्री-पुरुषांची चित्रे आजही समाजमाध्यमांवर फिरतात. त्यांखालची ओळ बहुधा त्या जुन्या ग्रंथांतूनच जशीच्या तशी आलेली असते. ते चित्र पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभेल: हे कोणी टिपले, ही ओळ कोणी लिहिली, आणि समोर बसलेल्या माणसाला काही विचारले होते का?