गोंदियातून किती इंग्रजी शब्द निघतात?

आजच्या भागाला कानाबरोबर बोटंही लागतील. गोंदियाचं इंग्रजी स्पेलिंग आठवा : जी, ओ, एन, डी, आय, ए. सहा लेटर्स. यातून इंग्रजी शब्द काढायचे, एक लेटर एकदाच वापरायचं.

डॉग, गॉड, डिग, नॉड हे लगेच सुचतात. मग गेन. मग डूइंग. त्याच पाच लेटर्सचा डिंगो, म्हणजे ऑस्ट्रेलियातला रानकुत्रा. पण सहाच्या सहा वापरून? होतो एक शब्द : गॅनॉइड. गार नावाच्या माशाच्या अंगावर चकचकीत, टणक खवले असतात, त्यांना गॅनॉइड खवले म्हणतात. एकोणिसाव्या शतकात लुई अ‍ॅगासी या शास्त्रज्ञाने माशांची वर्गवारी करताना हा शब्द रूढ केला. आपल्या गावाच्या नावात असा मासा दडलाय!

आता प्रश्न असा, की हा शब्द सापडतो कसा? डिक्शनरी उघडून? नाही सापडणार. डिक्शनरीचं दार एकच, शब्दाचं पहिलं लेटर. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 साली आला, त्याचीही रचना तीच. पहिलं लेटर माहीत नसेल तर तुम्ही बाहेरच उभे.

दुसरं दार उघडायचा प्रयत्न जुना आहे. 1775 साली लंडनमध्ये जॉन वॉकरने शब्द शेवटच्या लेटरवरून लावलेला कोश काढला. कवींना यमक शोधायला बरा! पण मधली लेटर्स माहीत असली तर त्याचाही उपयोग नाही.

इथे तारयंत्राची गोष्ट येते, आणि आपलं स्टेशनही. 1887 मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि गोंदिया तिच्या मुख्य मार्गावर आलं. तारेवर प्रत्येक लेटर हाताने ठोकावं लागायचं, म्हणून स्टेशनांना आखूड खुणा होत्या. तिकिटावर आजही त्या दिसतात. आमगाव : ए जी एन. तिरोडा : टी आर ओ. सालेकसा : एस के एस. नावातलीच लेटर्स, त्याच क्रमाने, मधली गाळलेली. आणि गोंदिया? नुसता जी. अख्ख्या भारतीय रेल्वेत जी म्हटलं की गोंदिया जंक्शन.

कमी कष्टात जास्त बोलायचं, हाच तारेचा हिशेब. मोर्सच्या लिपीत ई म्हणजे फक्त एक टिंब, कारण इंग्रजीत ई सगळ्यात जास्त लागतो. कुठलं लेटर किती लागतं हे कळायला मोर्सचा सहकारी आल्फ्रेड व्हेल याने छापखान्यातले खिळे मोजले, असं सांगतात. पुढे 1930 च्या दशकात, मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन आर्किटेक्टनेही तेच केलं. त्याने वर्तमानपत्राच्या पानांवरची लेटर्स मोजली आणि त्यावरून एक खेळ बनवला. 1948 मध्ये त्याला नाव मिळालं, स्क्रॅबल. शंभर सोंगट्या, त्यात बारा ई. क्यू आणि झेड एकेकच, पण दहा-दहा गुणांचे.

त्या हिशेबाने गॅनॉइडचे आठ गुण होतात. गोंदियाचेही आठच व्हायला हवेत, लेटर्स तीच ना! पण स्क्रॅबलमध्ये गावांची नावं चालत नाहीत. म्हणजे मासा चालतो, गाव नाही.

आता फोन हे कसं करतो बघा. सहा लेटर्सच्या लहान-मोठ्या मिळून 1956 मांडण्या होतात. प्रत्येक मांडणी तपासायची म्हणजे डोक्याला ताप. युक्ती साधी आहे : यादीतल्या प्रत्येक शब्दाची लेटर्स एबीसीडीच्या क्रमाने लावून ठेवायची. डूइंग असो की डिंगो, दोन्हींचं डी-जी-आय-एन-ओ होतं. दोघे एकाच खणात जातात. मग गोंदियासाठी फक्त 63 खण बघायचे, काम झालं. मशीनला अर्थ लागत नाही, उच्चार लागत नाही. फक्त लेटर्स जुळली पाहिजेत.

आणि मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. आपली भाषा अशी जुळत नाही. ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचा, तेच येतं, कारण आपण अख्खं अक्षर धरतो, काना-मात्रेसकट. तेच वाक्य इंग्रजी लेटर्समध्ये लिहून उलटा, सगळा विचका होतो. आपले शब्द त्या लेटर्समध्ये बसवताना प्रत्येकाने आपापल्या कानाने बसवले. म्हणून कुणी गोंदियात वाय घालतो, कुणी नाही. रहांगडाले हे आपल्याकडचं नेहमीचं आडनाव. कुणी गच्या पुढे ए लिहितो, कुणी गाळतो. आपल्या कानाला दोन्ही एकच. मशीनला ती दोन माणसं. मार्कशीटवर एक आणि आधारवर दुसरं असलं, की स्कॉलरशिपचा फॉर्म अडकतो, आणि पोरगं चकरा मारत बसतं. मशीनची चूक नाही, तिला शिकवलंय तेवढंच ती करते. चूक असेल तर एवढीच, की तिच्यापुढे नाव टाकताना कुणी आपल्याला हे सांगितलं नाही.

तेव्हा दोन कामं करा. पहिलं, दहावीचा फॉर्म भरणारं कुणी घरात असेल, तर सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग लेटर-लेटर लावून बघा, आजच. आणि दुसरं, ते झाल्यावर आपल्या गावाच्या नावातून शब्द काढा. आमगावमध्ये, तिरोड्यात, सालेकसात काय दडलंय ते आम्हाला कळवा. निवडक शब्द पुढच्या भागात वाचून दाखवेन.

तोवर, राम राम!