पांढरीच्या मातीतले घरकाम

खेडेगावात जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. गावठाणाची माती पांढरी का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून पाहा. पिढ्यान्‌पिढ्या घरांतून बाहेर टाकलेली राख, पडक्या भिंतींची माती, चुना, शेण आणि केर तिथे साचत जातो आणि मूळ काळ्या मातीचा रंग फिका करतो. म्हणजे घर रोज स्वच्छ ठेवल्यामुळेच पांढरी वाढते! जुनी वस्ती शोधणारे पुरातत्त्वज्ञही नदीकाठी पांढरीचे टेकाड आहे का, ते आधी पाहतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे अशीच टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी या संशोधकांच्या कामातून इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. शंभराहून अधिक घरे सापडली. मातीच्या बुटक्या भिंती, त्यांवर कूड, शाकारलेले छप्पर, चोपून केलेली भुई आणि घरात चूल. लोक जव पिकवत, गुरे पाळत. कुंभार, सोनार यांच्याबरोबर चुना भाजणारा कारागीरही गावात होता.

राख, चुना आणि शेण ही घर नीटनेटके ठेवण्याची तिन्ही साधने या गावात हाताशी होती. ती आपल्या आजीच्या घरातही होती. अलीकडे ‘रसायनमुक्त, नैसर्गिक स्वच्छता’ म्हणून अशा वस्तूंचे कौतुक पुन्हा होऊ लागले आहे. पण या वस्तू रसायनमुक्त आहेत का? एकेक तपासून पाहू.

प्रथम राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. ते पाण्यात विरघळते आणि द्रावण आम्लारिधर्मी होते. खरकट्या भांड्यावरच्या तेलकट थराचा काही भाग या द्रावणामुळे साबणात बदलतो. राखेचे बारीक कण घासण्याचे काम करतात. वर्गात राखेचे पाणी गाळून त्यात हळद लावलेला कागद बुडवा. तो लाल होईल.

चुन्याची गोष्ट अधिक रंजक आहे. दख्खनच्या काळ्या मातीत आणि नदीच्या गाळात चुनखडीचे खडे मिळतात. ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजले, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले, की तो उकळल्यासारखा फसफसतो व विरी जातो. भिंतीला लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे दगडाकडे परततो. ताज्या चुन्याचा सामू १२च्या वर असतो. इतक्या तीव्र आम्लारीत बहुतेक जिवाणू आणि बुरशी टिकत नाहीत. पण ज्या गुणामुळे चुना जंतू मारतो, त्याच गुणामुळे तो डोळ्यात गेल्यास दृष्टीही जाऊ शकते. म्हणून वर्गात चुन्याची निवळी शिक्षकांनीच हाताळावी.

आता शेण. नुसत्या मातीच्या भुईला भेगा पडतात, धूळ उडते. शेणातले न पचलेले तंतू माती बांधून ठेवतात, त्यामुळे सारवलेली भुई केरसुणीने झाडता येते. एवढे काम शेण उत्तम करते. मात्र यावरून शेण जंतुनाशक आहे, असे म्हणणे चुकीचे ठरेल. गुरांच्या शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. ते वाळवल्याने मरत नाहीत, साध्या उकळण्यालाही दाद देत नाहीत. भुईवर ते निरुपद्रवी पडून राहतात. पण जखमेत शिरले, की घातक विष तयार होते.

नाळ विळ्याने कापून तिच्यावर राख किंवा शेण लावण्याची चाल भारतात अनेक ठिकाणी होती. नवजात बाळाला धनुर्वात बहुधा जन्मानंतर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत होतो. पाचवी-सहावीला सटवाई पुजण्याचे दिवस याच काळातले, हे लक्षात घ्या. मातांना लस, स्वच्छ प्रसूती, निर्जंतुक पाते आणि नाळ कोरडी ठेवणे या साध्या उपायांनी हे मृत्यू घटत गेले. २०१५ साली भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रुग्ण. बीजाणू मात्र मातीत आहेतच, म्हणून लस थांबवता येत नाही.

पुन्हा इनामगावला येऊ. तिथल्या दफनांत मोठा भाग लहान मुलांचा आहे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यांत मूल ठेवत आणि घराच्याच भुईत पुरत. या सांगाड्यांचा अभ्यास जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. दीर्घकाळचे कुपोषण दातांवर व हाडांवर खुणा ठेवते. काही दिवसांत जीव घेणारा धनुर्वातासारखा आजार हाडांवर काहीच लिहून जात नाही. त्यामुळे ‘पूर्वीचे लोक सारे नैसर्गिक वापरत, म्हणून निरोगी असत’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ही मडकी दाखवावीत.

याचा अर्थ राख-चुना टाकून द्यावेत आणि बाजारातली प्रत्येक बाटली घरी आणावी, असा नव्हे. भांडी घासायला राख आजही चांगली. प्रश्न वस्तू नैसर्गिक की कृत्रिम, हा नाही. ती काय करते, किती तीव्र आहे आणि कुठे वापरायची नाही, हे विचारायला हवे. लिंबू आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस आला, की स्वच्छता झाली असे अनेकांना वाटते. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात, हे सातवी-आठवीचा विद्यार्थी जाणतो. मग त्या फेसानंतर उरलेल्या पाण्याची साफ करण्याची ताकद वाढली की घटली? वर्गात करून पाहा.