हैदराबादच्या टेकड्या आणि मोबाइलवरची वाट: सीमाभागातल्या भटक्यांसाठी माहिती

नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद या भागातल्या मराठी माणसाचं हैदराबादला जाणं-येणं नेहमीचंच. कुणी दवाखान्यासाठी जातं, कुणी नोकरी-शिक्षणासाठी, कुणी लग्नाच्या खरेदीला. कामं झाली की चारमिनार आणि गोवळकोंडा बघून परतीची गाडी पकडायची, हा बहुतेकांचा शिरस्ता. पण शहराच्या आत आणि दीड-दोन तासांच्या अंतरावर चालायला उत्तम अशा टेकड्या आहेत. त्यांच्या वाटा आता मोबाइलवर फुकट मिळतात.

अडचण एकच. मोबाइलवरची वाट म्हणजे कुणीतरी एका विशिष्ट दिवशी चालून गेल्याचा पुरावा. ती आजही उघडी आहे, याची हमी त्यात नसते. हैदराबादभोवती ही गोष्ट जास्तच महत्त्वाची, कारण इथल्या टेकड्या फुटताहेत, कुंपणं पडताहेत. त्यामुळे वाट शोधायची कुठे, वाचायची कशी आणि प्रत्यक्ष जमिनीशी ताडून कशी बघायची, हे माहीत असलेलं बरं.

दगड वेगळा, चालही वेगळी

सह्याद्री काळ्या बसाल्टचा. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हैदराबादचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. जमिनीखाली थंड झालेल्या या खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरलं, कोपरे झिजून गोल झाले आणि वरची माती वाहून गेल्यावर एकावर एक रचल्यासारखे धोंडे उघडे पडले. नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली पट्ट्यातही ग्रॅनाइट आहे, त्यामुळे तिकडच्या माणसाला हे दृश्य अगदीच नवखं नाही.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला धार, खिंड, घळ, माची यांची सवय असते. वाट मातीत उमटलेली असते, चुकली तरी पुन्हा सापडते. इथे मात्र लांबच लांब उघडा कातळ. त्यावर पाऊल उमटत नाही, म्हणून वाटही दिसत नाही. दहा जण चढले तर दहा वेगवेगळ्या रेषा मोबाइलवर दिसतात, आणि दहाही बरोबर असू शकतात.

कोरड्या ग्रॅनाइटवर बूट छान धरतो, त्यामुळे चढताना हुरूप येतो. उतरताना तोच उतार पोटात गोळा आणतो. पावसाळ्यात शेवाळलेला काळा पट्टा दिसला तर त्यावर पाय टाकूच नये. साधा नियम असा: जिथून उतरता येईल याची खात्री नाही, तिथे चढायचं नाही.

वाटा आणि नकाशे कुठे मिळतात

विकिलॉक (स्पेन, २००६) आणि ऑलट्रेल्स (अमेरिका, २०१०) यांवर चालणारे लोक आपापले ट्रॅक टाकतात. ट्रॅक म्हणजे जीपीएसने ठराविक अंतराने नोंदलेल्या बिंदूंची माळ. प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांश, उंची आणि वेळ जोडलेली असू शकते. ही माळ जीपीएक्स फाइलच्या रूपात एका ॲपमधून दुसऱ्यात नेता येते.

ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप त्याच्यावरच चालतात. घरच्या वायफायवर जिल्ह्याचा किंवा राज्याचा नकाशा उतरवून घेतला की रानात रेंज नसली तरी काम भागतं. अनेकांचा गैरसमज असतो की रेंज गेली की जीपीएस बंद. तसं नाही. जीपीएस उपग्रहावर चालतं, मोबाइलच्या टॉवरवर नाही. फक्त नकाशा आधी उतरवलेला पाहिजे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे विभागाच्या सरकारी पोर्टलवर मिळतात. यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. समोच्च रेषांमधलं अंतर साधारण २० मीटर असतं, म्हणजे १५ मीटरचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्ये लपून राहू शकतो. ग्रॅनाइटच्या टेकडीवर हे विसरून चालत नाही.

इस्रोचं 'भुवन' पोर्टल ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं. ते चालवणारं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र हैदराबादमध्येच, बालानगरला आहे. उपग्रहाच्या चित्रात खाण, नवा रस्ता, तलाव सहज ओळखता येतो. जुना ट्रॅक या चित्रावर टाकून बघितला तर वाट खाणीत तर संपत नाही ना, हे घरी बसूनच कळतं. चित्र कधीचं आहे, तेवढं मात्र पाहून घ्यावं.

मोजणीचा हा वारसा या भागाला नवा नाही. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी निजामाच्या मुलखातून उत्तरेला सरकली. तिची एक आधाररेषा १८१५ मध्ये बिदरजवळ मोजली गेली. जॉर्ज एव्हरेस्ट १८१८ मध्ये हैदराबादला लॅम्बटनच्या हाताखाली रुजू झाला. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला झाला.

ट्रॅक वाचताना पाच गोष्टी

१. तारीख. दोन वर्षांहून जुना ट्रॅक फक्त अंदाजासाठी धरावा. महिनाही बघावा, कारण जानेवारीतली कोरडी वाट ऑगस्टमध्ये ओढा असू शकते.

२. किती जणांनी नोंदवला. एकाच टेकडीचे तीन-चार ट्रॅक एकमेकांवर टाकावेत. जिथे सगळे एकत्र येतात ती खरी वाट. एकच रेषा भलतीकडे जात असेल तर तो माणूस बहुधा चुकलेला असतो.

३. सरळ रेषा. वळणावळणाच्या ट्रॅकमध्ये मधेच पट्टीने आखल्यासारखी रेषा आली तर तिथे सिग्नल तुटला होता किंवा ॲप बंद पडलं होतं. ती वाट नव्हे.

४. चढाई. नुसते किलोमीटर बघून फसगत होते. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये दिलेला हिशेब आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. ६ किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असेल तर सुमारे पावणेदोन तास. हा हिशेब थंड हवेतल्या सरावलेल्या माणसाचा. मुलंबाळं आणि दख्खनचं ऊन असेल तर दुप्पट वेळ धरावा.

५. अचूकता. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचा जीपीएस सुमारे ५ मीटरपर्यंत बरोबर असतो. धोंड्यांच्या कपारीत चूक वाढते. कड्याजवळ ५ मीटर म्हणजे कड्याच्या आत की बाहेर, एवढा फरक. तिथे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, स्क्रीनवर नाही.

कुठे जावं

*मौला अली.* शहरातच, पायऱ्यांची टेकडी. वर दर्गा आहे आणि चौफेर शहर दिसतं. पायथ्याजवळ उर्दू कवयित्री माहलका बाई चंदा यांची कबर आहे. घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन सुरुवात करायला बरी. ट्रॅकची गरज नाही.

*खाजागुडा.* गच्चीबावलीजवळच्या आयटी इमारतींच्या कुशीतली ग्रॅनाइटची टेकडी. सकाळी चालायला आणि दगड चढण्याच्या सरावाला इथे गर्दी असते. भोवती बांधकामं वाढत असल्यानं जुने ट्रॅक जिथून सुरू होतात ती जागा आधी तपासावी.

*भोनगीर.* तेलुगूत भुवनगिरी. हैदराबादपासून सुमारे ५० किलोमीटर, वारंगलच्या रस्त्यावर आणि काजीपेटच्या रेल्वेमार्गावर. एकाच प्रचंड खडकावर बांधलेला हा किल्ला पश्चिम चालुक्य राजा त्रिभुवनमल्ल विक्रमादित्य (सहावा) याच्या नावाशी जोडलेला आहे. वर जायला पायऱ्या आहेत. याच खडकावर सराव केलेली निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा २५ मे २०१४ रोजी, वयाची चौदा वर्षं पूर्ण व्हायच्या आत, एव्हरेस्टवर पोचली. तिच्यासोबत आनंद कुमार हाही शिखरावर होता. पायऱ्या सोडून उघड्या कातळावर जायचं तर दोर आणि जाणकार हवाच.

*अनंतगिरी.* विकाराबादजवळचं डोंगराळ रान. इथे अनंत पद्मनाभस्वामींचं मंदिर आहे आणि मुसी नदीचा उगमही इथलाच. उदगीर, भालकी, बिदर, जहिराबादकरांना हे सगळ्यात सोयीचं, कारण परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावरून थेट विकाराबाद जंक्शनला उतरता येतं. तिथून टेकड्या पाच-सहा किलोमीटरवर. हे राखीव जंगल आहे, त्यामुळे कुठली वाट खुली आहे हे वनखात्याच्या माणसाला विचारूनच आत शिरावं.

*राचकोंडा.* शहराच्या आग्नेयेला सुमारे ६० किलोमीटर. चौदाव्या शतकातल्या रेचर्ला नायकांची राजधानी. चुन्याशिवाय रचलेल्या भल्यामोठ्या दगडांच्या भिंती बघण्यासारख्या आहेत. झुडपांमध्ये ढोरवाटा अनेक, म्हणून ट्रॅक सर्वांत उपयोगी पडतो तो इथे.

*नल्लमला.* श्रीशैलमच्या रस्त्यावरचा अमराबाद व्याघ्र प्रकल्प. सलेश्वरमची जत्रा चैत्र पौर्णिमेच्या सुमारास काही दिवस भरते, तेव्हा भाविकांना दरीतल्या धबधब्यापर्यंत चालत जाता येतं. एरवी कुणाचाही ट्रॅक मोबाइलवर असला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

वाटा हरवतात कशा

ग्रॅनाइट म्हणजे खडी, फरशी आणि इमारतीचा पाया. शहर वाढलं तसा जवळचा दगड आधी गेला. त्याविरुद्ध 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था १९९६ पासून काम करते आणि लोकांना खडकांपर्यंत नेणारे 'रॉक वॉक' काढते. चालण्याचा छंद आणि खडक वाचवणं या दोन गोष्टी हैदराबादमध्ये पहिल्यापासून अशा जोडलेल्या आहेत.

अलीकडची उदाहरणंही आहेत. हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावलीतल्या सुमारे ४०० एकरांवरची वृक्षतोड सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये थांबवली. विकाराबादजवळच्या दामगुंडम जंगलात नौदलाच्या व्हीएलएफ संपर्क केंद्राची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. संरक्षण खात्याच्या हद्दीत जुना ट्रॅक दाखवून आत जाता येत नाही.

म्हणून परत आल्यावर स्वतःचा ट्रॅक टाकताना दोन ओळी जास्त लिहाव्यात: कुठल्या तारखेला गेलो, वाट कुठे बंद होती, कुंपण किंवा खाण कुठे लागली, पाणी कुठे मिळालं. चुकलेला तुकडा काढून मगच ट्रॅक टाकावा. पुढच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो. कुणाच्या शेतातून गेलेली वाट मालकाला न विचारता जाहीर करू नये. एका माणसाला वाट देणारा शेतकरी दर रविवारी पन्नास जणांना देईलच असं नाही.

नकाशावरचे तेलुगू शब्द

नावं वाचता आली तर अर्धी जमीन कळते. गुट्टा म्हणजे टेकडी, कोंडा म्हणजे डोंगर, बंडा म्हणजे सपाट कातळ. चेरुवु म्हणजे तलाव, कुंटा म्हणजे लहान तळं, वागु म्हणजे ओढा. दारि म्हणजे वाट, नीळ्ळु म्हणजे पाणी. वाटेत 'वागु' असेल तर पावसाळ्यात तो ओलांडता येईल का, हा प्रश्न निघण्याआधीच विचारावा.

निघण्याआधी

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चपासून कातळ तापतो. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत खाली उतरलेलं बरं.
- माणशी किमान ३ लिटर पाणी. ग्रॅनाइटच्या माथ्यावर सावली नसते.
- मोबाइल पूर्ण चार्ज, पॉवर बँक सोबत, चालताना एअरप्लेन मोड. नकाशा किमान दोघांच्या मोबाइलमध्ये हवा.
- बंद खाणीत साचलेलं निळं पाणी सुंदर दिसतं, पण काठ सरळ तुटलेले आणि खोली अफाट. पोहायला उतरू नये.
- कड्यांना आग्या मोहोळ असतं. धूर, फटाके, आरडाओरडा टाळावा.
- कुठे जाणार, कधी परतणार हे घरी सांगून निघावं. मदतीसाठी ११२.

आणि एवढं सगळं करूनही पायथ्याच्या गावात थांबून एकदा विचारायचं. शेळ्या-मेंढ्या घेऊन रोज चढणाऱ्या गोल्ला-कुरुमांना, म्हणजे आपल्याकडच्या धनगरांना, काल पडलेलं कुंपणसुद्धा ठाऊक असतं. तेलुगू येत नसलं तरी बोट दाखवून "दारि उंदा?" एवढं विचारलं तरी पुरतं. अर्थ साधा आहे: वाट आहे का? उत्तर 'लेदु', म्हणजे नाही, असं आलं तर मोबाइल काहीही दाखवत असला तरी मागे फिरावं.